गो सर्व्हरवर गाडी अडली असेल तर

तुमच्या पत्रातली हकिकत आधी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढे वाचणाऱ्या प्रत्येकाला संदर्भ लागेल. जपानीच्या वर्गात तुम्हाला गोची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्या लावून पटावरची जागा वेढण्याच्या खेळाची, ओळख झाली. लहानपणापासून बुद्धिबळ खेळत आल्यामुळे खेळ लगेच आवडला. कोथरूडमध्ये बरोबरीचं कोणी मिळेना म्हणून चार महिन्यांपूर्वी ओजीएसवर, म्हणजे ऑनलाइन गो सर्व्हरवर, खातं उघडलं. तेव्हापासून तीनशेच्या वर डाव झाले, बहुतेक हिंजवडीहून घरी आल्यावर, रात्री अकरानंतर, मोबाइलवर. १७ क्यूपर्यंत भराभर चढलात आणि गेले दोन महिने तिथेच अडलात. (क्यू ही शिकणाऱ्याची पदवी, आकडा जितका लहान तितकी वरची; १ क्यूच्या पुढे दान या वरच्या पदव्या लागतात.) आता सर्व्हर बदलावा का, एआयकडून शिकावं का, बुद्धिबळाच्या सवयी आड येतात का, असं विचारलंय. सोबत हरलेला एक डावही पाठवलाय.

सर्व्हर बदलू नका. डाव कमी करा. आठवड्याला अठरा-वीस डाव खेळताय ते तीन-चारवर आणा आणि वाचलेल्या वेळात हरलेला डाव पुन्हा मांडून बघा. मला सांगायचंय ते एवढंच. पुढे लिहिलंय ते हे कसं जमवायचं त्याबद्दल.

माझं हे मत नागोयात तयार झालं. २००३ मध्ये कामानिमित्त मी तिथे आठ महिने होते. राहत होते त्या गल्लीत एक गोकाइशो होतं, म्हणजे थोडे पैसे भरून बसावं आणि गो खेळावं अशी जागा. येणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. माझ्याशी खेळणारे एक आजोबा डाव संपला की सोंगट्या आवरायचे आणि पहिल्या खेळीपासून सगळा डाव आठवणीतून पुन्हा लावायचे, त्यांच्याही खेळी आणि माझ्याही. मला जपानी जेमतेम येत होतं, त्यामुळे ते बोलायचे कमी. एखाद्या जागी थांबायचे, माझी सोंगटी उचलून शेजारच्या रेघेवर ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. तासाभराच्या डावामागे अर्धा तास हे चालायचं. एका संध्याकाळी एकच डाव. पुण्याला परत आल्यावर घरच्या डायल-अपवरून केजीएस नावाच्या सर्व्हरवर खेळायला लागले आणि मीही तुमच्यासारखेच रात्रीला पाच-पाच डाव खेळले. दीड वर्ष जिथल्या तिथे होते. कमी कशाची पडतेय हे कळायला तेवढा वेळ गेला. सर्व्हरवर डाव संपला की पुढच्या डावाचं बटण समोर असतं, पण सोंगटी उचलून शेजारी ठेवणारे आजोबा नसतात. ते काम आपलं आपल्याला करावं लागतं.

आता तुमचा डाव. काळ्या सोंगट्या तुमच्या होत्या. साठाव्या खेळीपर्यंत डाव चांगला आहे, माझ्या मते तुम्हीच थोडे पुढे आहात. ६३व्या खेळीला तुम्ही खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ पांढऱ्याच्या एका सोंगटीला अटारी दिलीत, म्हणजे तिला श्वास घ्यायला एकच मोकळी जागा उरवलीत. पांढरा पळाला. तुम्ही दुसऱ्या बाजूने अटारी दिलीत, तो पुन्हा पळाला. ही झाली शिडी. एक पाऊल आडवं, एक उभं अशी ती पटावरून तिरकी चढत जाते आणि वाटेत पळणाऱ्याचं कोणी भेटलं नाही तर तो कडेला जाऊन मरतो. तुमच्या शिडीच्या वाटेवर, समोरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या ताऱ्यावर, म्हणजे पटावरच्या ठळक ठिपक्यावर, पांढऱ्याची सोंगटी चौथ्या खेळीपासून बसलेली होती. शिडी तिला जाऊन भिडली आणि पांढरा सुटला. फसलेल्या शिडीचं दुखणं असं की पाठलाग करणाऱ्याच्या सोंगट्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या राहतात आणि पायरी-पायरीला समोरच्याला दुहेरी अटारीची संधी असते. तुमच्या चौदा सोंगट्या त्यात गेल्या. डाव तिथेच गेला होता, पुढच्या शंभर खेळी नुसत्याच झाल्या.

शिडी वाचणं तुम्हाला येत नाही असं मला वाटत नाही. सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक खेळीला किती वेळ लागला ते दिसतं. त्या ६३व्या खेळीला तुम्ही चार सेकंद घेतलेत. डावातली सगळ्यांत मोठी लढाई चार सेकंदांत सुरू झाली.

इथेच बुद्धिबळ आड येतं. बुद्धिबळात शह दिला की समोरच्याला बाकी सगळं टाकून राजा सांभाळावा लागतो, आणि बहुतेक वेळा शह देणाऱ्याचं फार काही बिघडत नाही. अटारी दिसायला शहासारखी, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण गोमध्ये सोंगट्या जागच्या हलत नाहीत. अटारीला उत्तर म्हणून समोरचा जी सोंगटी लावतो ती तिथेच राहते आणि त्याचा गट मजबूत होतो. तुमच्या डावात मी मोजून पाहिलं: तुम्ही अकरा वेळा अटारी दिलीत, त्यांतल्या दोनच उपयोगाच्या होत्या. बाकीच्या नऊ वेळा तुम्ही पांढऱ्याची भिंत आपल्या हाताने बांधून दिलीत. अटारी शिल्लक ठेवायला शिका. ती कुठे पळून जात नाही. न दिलेली अटारी पुढे समोरच्याचे गट तोडायला, डोळा करायला (डोळा म्हणजे गटाच्या आत वेढलेली मोकळी जागा, असे दोन असले की गट जगतो), को लढताना, म्हणजे एकच सोंगटी आळीपाळीने पकडण्याच्या झटापटीत, धमकी म्हणून कामी येते. बुद्धिबळातली एक सवय मात्र सोन्यासारखी आहे आणि ती तुम्ही सर्व्हरवर वापरत नाही आहात: मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी चार खेळी मनात खेळून बघण्याची. शिडी सुरू करण्याआधी पडद्याला बोट न लावता ती तिरकी रेघ नजरेने थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत न्या. पंधरा सेकंद पुरतात.

ती पंधरा सेकंदं तुमच्या घड्याळात नाहीत, हा पुढचा मुद्दा. तुम्ही पाच मिनिटं आणि नंतर दहा-दहा सेकंदांची ब्योयोमी घेऊन खेळता. नव्यांसाठी सांगते, मूळ वेळ संपल्यावर प्रत्येक खेळीला ठरावीक सेकंदं मिळतात, तिला ब्योयोमी म्हणतात. तेवढ्यात खेळलात तर सेकंदं पुन्हा पूर्ण मिळतात, नाही खेळलात तर एक आवर्तन खर्ची पडतं. १९ बाय १९ चा डाव २४० खेळींचा धरला तर तुमच्या वाट्याला १२० येतात. दहा सेकंदांत वाचन होत नाही, हात फक्त जुन्या सवयी गिरवतो. वीस मिनिटं आणि तीस सेकंदांची पाच आवर्तनं ठेवा. असा डाव तास-दीड तास चालतो, म्हणून तो नोकरीच्या दिवशी रात्री अकराला सुरू करायचाच नाही. शनिवार-रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, लॅपटॉपवर बसा. गुरुवारी तुमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जायची असेल तर ती वेळ टाळा. वायफाय गेलं म्हणून सर्व्हरचं घड्याळ थांबत नाही आणि समोरचा माणूस विनाकारण ताटकळतो.

रोजच्या बसप्रवासात काही तरी हवं असेल तर पूर्वी लोक पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे तसे सावकाश डाव घ्या. ओजीएसवर एका खेळीला दिवस-दोन दिवस मिळतात असे डाव चालतात. दोन किंवा तीनच घ्या, वीस नकोत, नाहीतर कुठल्या डावात काय ठरवलं होतं तेच लक्षात राहत नाही. मोबाइलवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये खेळी पक्की करण्याचं वेगळं बटण चालू करून ठेवा. १९ रेघा एवढ्याशा पडद्यावर मावतात तेव्हा अंगठा शेजारच्या रेघेवर पडणारच, आणि खिंडीतल्या लढाईत एक रेघ म्हणजे अख्खा गट.

तुमचे मागचे डाव चाळताना एक गोष्ट दिसली. तिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला ती शिडीपेक्षाही महत्त्वाची वाटते. निदान सहा डाव तुम्ही हातात असताना मोजणीत घालवलेत. दोघांनी पास म्हटलं की सर्व्हर घड्याळ थांबवतो आणि कोणत्या सोंगट्या मेलेल्या, कोणती जागा कोणाची, याचा अंदाज रंगवून दाखवतो. तो अंदाज असतो. दोघांनी मान्य म्हटल्यावरच तो निकाल होतो. तुम्ही प्रत्येक वेळी दोन सेकंदांत मान्य केलंत. एका डावात तुमच्या उजव्या बाजूच्या तीसेक गुणांच्या जागेला कुंपणात एक भोक होतं. तुम्ही पास केलंत, पांढऱ्यानेही केलं, आणि सीमा पूर्ण नसल्यामुळे ती जागा कोणाचीच धरली गेली नाही. दुसऱ्या एका डावात पांढऱ्याचा पाच सोंगट्यांचा गट तुमच्या इलाक्यात मरून पडला होता. त्याच्याकडे एक खरा डोळा आणि एक खोटा होता. खोटा म्हणजे दिसतो डोळ्यासारखा, पण त्याच्या कडेची सोंगटी अटारीत आली की तो बुजवावाच लागतो. सर्व्हरने तो गट जिवंत दाखवला. तुम्ही क्लिक करून मेलेला म्हणून खूण करायला हवी होती.

पास करण्यापूर्वी कुंपणावरून फिरून या, शेताच्या बांधावरून फिरतात तसं. प्रत्येक सीमेवर एक-एक सोंगटी बघत जा: इथे तो घुसला तर मला उत्तर आहे का? आणि काही महिने जपानी नियम सोडून चिनी नियम निवडा. जपानी मोजणीत मोकळी वेढलेली जागा आणि पकडलेल्या सोंगट्या धरतात, त्यामुळे आपल्याच जागेत उगाच सोंगटी लावली की एक गुण जातो. नवखा माणूस या भीतीने मेलेला गट पकडून दाखवत नाही, आणि तो खरंच मेलाय का हे त्याला कधीच कळत नाही. चिनी मोजणीत जागेबरोबर पटावरच्या आपल्या सोंगट्याही धरतात, म्हणून स्वतःच्या जागेत लावलेल्या सोंगटीने गुण घटत नाही. शंका आली तर डाव पुढे चालू ठेवा, गट प्रत्यक्ष उचला, मग मोजा. चांगल्या खेळाडूंत दोन्ही पद्धतींचा निकाल बहुतेक सारखाच येतो. शिकणाऱ्याला चिनी पद्धत जास्त मोकळीक देते.

सर्व्हरबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही, कारण तुमची अडचण तिथे नाही. ओजीएस ब्राउझरमध्ये चालतं, सावकाश आणि झटपट दोन्ही डाव मिळतात, शिकणाऱ्यांची गर्दी आहे. राहा तिथेच. केजीएसवर जुनी मंडळी भेटतात. २०१७ मध्ये ते अमेरिकन गो फाउंडेशनकडे गेलं आणि आता तिथे पूर्वीएवढी वर्दळ नाही, पण संथ, बोलके डाव हवे असतील तर अजून मिळतात. १९९२ पासून चालू असलेलं आयजीएस, आताचं पांडानेट, हेही आहे. जोरदार स्पर्धा हवी असेल तर चीनचं फॉक्स, पण तिथला खेळ वेगवान आणि लढाऊ असतो आणि तुम्हाला सध्या तेच नकोय. फॉक्सवरचा दान आणि ओजीएसवरचा दान एका मापाचे नाहीत, तेव्हा आकड्यांची तुलना करून खूशही होऊ नका आणि खचूही नका. वेळेचं गणित मात्र लक्षात ठेवा. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे चीनमध्ये रात्रीचे नऊ. आपल्याकडे रात्री दहा वाजतात तेव्हा मध्य युरोपात हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात. ओजीएसवर तुमच्या पातळीचे बरेच खेळाडू त्याच सुमाराला कामावरून घरी येतात.

आता एआय. मार्च २०१६ मध्ये सोलमध्ये अल्फागो या एआय प्रोग्रॅमने कोरियाच्या अव्वल व्यावसायिक ली सेडोलला ४-१ असं हरवलं तेव्हा मी ते डाव रजा टाकून पाहिले. त्याच वर्षाअखेरीस आणि जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला त्याची सुधारलेली आवृत्ती मास्टर या नावाने टायगेम आणि फॉक्स या सर्व्हरांवर उतरली आणि अव्वल व्यावसायिकांशी साठच्या साठ डाव जिंकली. डावाच्या अगदी सुरुवातीला कोपऱ्यात ३-३ वर, म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवर, घुसणं त्या डावांनंतर सगळीकडे पसरलं. आमच्या पिढीला ती खेळी चूक म्हणून शिकवलेली होती, कारण तिने कोपरा मिळतो पण बाहेर समोरच्याची भिंत उभी राहते. तुम्हीही दहाव्या-बाराव्या खेळीला ३-३ वर घुसता. एआय घुसतो तेव्हा त्या भिंतीचा जोर पुढच्या शंभर खेळींत कसा मोडायचा हे त्याला येतं. १७ क्यूला ते येत नाही, मग कोपऱ्यातले दहा-बारा गुण मिळतात आणि बाकीचा पट भिंतवाल्याचा होतो. तुमच्या तीन डावांत नेमकं हेच झालंय. सध्या ताऱ्यावर बसा, समोरचा जवळ आला की साधी एक उडी मारा आणि बाजूने पसरा.

तरी डाव तपासायला एआय जरूर वापरा, फक्त क्रम पाळा. आधी स्वतः डाव पहिल्यापासून बघा आणि कागदावर तीन खेळींचे आकडे लिहा: जिथे तुम्हाला वाटतं की डाव हातून गेला. मग एआय उघडा. २०१९ मध्ये आलेला कॅटागो मला यासाठी सगळ्यांत बरा वाटतो, कारण तो जिंकण्याची टक्केवारी तर सांगतोच, शिवाय त्या खेळीने किती गुण गेले तेही सांगतो. काट्रेन नावाचा मोफत प्रोग्रॅम त्यावरच चालतो आणि प्रत्येक खेळीला तोट्याप्रमाणे रंग देतो. दोन-तीन गुणांच्या चुकांकडे बघूसुद्धा नका. दहापेक्षा जास्त गुण गेले असतील तेवढ्याच खेळी घ्या. एका डावात त्या चार-पाच निघतील. तुमच्या कागदावरच्या तीन आकड्यांपैकी किती जुळले ते बघा. सुरुवातीला एखादाच जुळेल. महिन्या-दोन महिन्यांत दोन जुळायला लागले की तुमची नजर तयार होतेय असं समजा, मग पदवी १७ क्यू का असेना.

एआयपुढे अगदी हात जोडून बसू नका. गोलाकार वेढणाऱ्या गटांचा हिशेब कॅटागोला नीट लागत नाही हे संशोधकांनी शोधून काढलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी खेळाडूने ती युक्ती शिकून त्याच जातीच्या प्रोग्रॅमला पंधरापैकी चौदा डावांत हरवल्याची बातमी आली. आणि डाव चालू असताना एआय उघडायचा नाही, सावकाश डावातही नाही. पकडलं गेलं तर खातं बंद होतं हे आहेच, पण समोरच्या माणसाने आपल्या आयुष्यातला दीड तास तुमच्यासाठी काढलेला असतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्या माणसाशी बोला. तीनशे डावांत तुम्ही एकदाही कोणाला नमस्कार केलेला मला दिसला नाही. तुम्ही तर जपानी शिकताय. सुरुवातीला 'ओनेगाइशिमास' म्हणा, शेवटी आभार माना, आणि हरलात तर विचारा, 'पाच मिनिटं डाव बघूया का?' काही जण न बोलता निघून जातात, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. पुष्कळ जण थांबतात. माझ्या बाबतीत २००६ मध्ये असाच थांबलेला युरोपातला एक निवृत्त शिक्षक पुढे सात-आठ वर्षं दर रविवारी माझ्याशी एक डाव खेळत होता आणि प्रत्येक डावानंतर आम्ही तो पहिल्यापासून बघत होतो. माझा दान त्याच्यामुळे आला. गट मेला आणि डाव गेला असेल तर राजीनामा देऊन आभार माना. खिडकी बंद करून गायब होणं अतिशय वाईट, ते तुम्ही दोनदा केलंय, पुन्हा करू नका.

शेवटची एक गोष्ट करा. पडद्यावर डाव मागे-पुढे करणं फार सोपं असतं, त्यामुळे डोक्यात काही राहत नाही. एक लाकडी पट करून घ्या. प्लायवूडच्या तुकड्यावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा मारायला पेन्सिल आणि मोठी पट्टी पुरते. पूर्ण संचात १८१ काळ्या आणि १८० पांढऱ्या सोंगट्या असतात. बोहरी आळीतून एका मापाची काळी-पांढरी बटणं घाऊक आणलीत तर चालेल, माझा पहिला पट तसाच होता. हरलेला डाव झाला की लॅपटॉप मिटा आणि तो या पटावर आठवून लावा. पहिल्या तीस-चाळीस खेळी सहज लागतील, मग हात अडेल. अडेल ती बहुधा विचार न करता लावलेली खेळी असेल, तुमची ६३वी होती तशी. तिचा आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात असे चार आकडे डावांसकट मला पाठवा.